शेतातली दुसरी बनुबाई

बनुबाई ओरडली की ज्वारीवरची पाखरं तर उडायचीच, पण बांधापलीकडच्या शाळेत पाढे म्हणणारी पोरंसुद्धा गप व्हायची. काष्टीच्या अलीकडं डांबरी रस्त्याला लागून तिचं शेत, आणि शेताला लागून जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा. लग्न होऊन आली तेव्हापासून ज्वारीची राखण तिच्याकडंच. चार मेढींवर बांधलेल्या माळ्यावर चढायचं, गोफणीत ढेकूळ घालायचं, गरागरा फिरवून सोडायचं आणि सोडताना तोंडाला येईल ते पाखरांना ऐकवायचं. पोपटांशी ती जावयाशी बोलावं तसं बोलायची, म्हणजे वरून मानानं आणि आतून खारं. चिमण्यांच्या मात्र थेट खानदानावर जायची.

तर या बनुबाईच्या गुडघ्यांनी गेल्या दिवाळीत संप केला. नगरच्या डॉक्टरनं फोटो उजेडाला धरून बघितले आणि सांगितलं, आजी, आता शिडी नाही, जिना नाही, माळा तर अजिबातच नाही.

तिचा मुलगा वैजनाथ हेच ऐकायला टपला होता. त्याला उसाचं भारी कौतुक. उसाला राखण लागत नाही, पोपट ऊस खात नाही, हे तो असं सांगायचा की जणू उसाला त्यानंच तसं वळण लावलंय. या साली ज्वारी पेरून झालीच होती, म्हणून मायलेकांत बोली ठरली. घरात वर्षभर भाकरीला पुरेल एवढी ज्वारी पाखरांच्या चोचीतून वाचली, तर पुढंही ज्वारी. नाही वाचली, तर या तुकड्यात ऊस, आणि मग बनुबाईनं तोंडातून ब्र काढायचा नाही.

बनुबाईचं उसाशी वैर नव्हतं. पण विकतच्या पिठाची भाकरी थापताना कडेला फाटते आणि खाताना परक्याच्या पंगतीला बसल्यासारखं वाटतं, असं तिचं म्हणणं. आपल्या दारात आपली ज्वारी नसणं म्हणजे तिच्या लेखी भाड्यानं राहणं.

शाळेत अश्विनी मॅडम नव्यानं आल्या होत्या. नगरच्या, तरण्याताठ्या. कला आणि कार्यानुभवाच्या तासाला घोटीव कागदाची तीच ती फुलं करून पोरं कंटाळली होती, आणि खरं तर फुलंही. मॅडमनी कुठल्याशा प्रशिक्षणात ऐकलं होतं, की पोरांनी कुणाच्या तरी गरजेची वस्तू बनवावी. आधी त्या माणसाला विचारायचं, मग चित्र काढायचं, मग वस्तू करायची, मग ती चालते का ते बघायचं, आणि नाही चालली तर परत पहिल्यापासून. वर्गाच्या खिडकीतून त्यांना रोज दिसायचं, की बनुबाई बांधावर बसून बसक्या आवाजात हाकारत टाळ्या वाजवतेय आणि पाखरं निवांत जेवतायत. मॅडमनी सातवीला बुजगावणं करायला सांगितलं.

पोरं बनुबाईच्या ओसरीवर मुलाखत घ्यायला आली. करण नावाचा पोरगा सगळ्यात धीट. पाखरांना कोणता रंग आवडत नाही, असं त्यानं विचारलं.

"मला काय सोयरीक जुळवायचीय व्हय त्यांच्याशी, आवडनिवड इचारायला?" बनुबाई म्हणाली.

पोरांनी जमेल तशी बुजगावणी केली. एकानं पत्र्याच्या डब्यांचा यंत्रमानव केला. करणच्या गटानं लाल डोळ्यांचं भूत केलं, त्याला बघून शाळेचं कुत्रं भुंकत पळालं. मुलींच्या एका गटानं तर राणी केली, चमकीचा झगा, थर्माकोलचा मुकुट, काथ्याचे लांबसडक केस. मॅडम रंगसंगती बघून हरखल्या. पाखरांनी एक दिवस लांबून पाहणी केली. दुसऱ्या दिवशी चिमण्या यंत्रमानवाच्या खांद्यावर ओळीनं बसल्या, साळुंक्या राणीचे केस उपटून घेऊन गेल्या आणि एक पोपट मुकुटावर बसून कणीस सोलून खायला लागला.

बनुबाईनं निकाल दिला, सगळी नापास. मॅडमनी हळू आवाजात सांगितलं, की या वर्गात कुणाला नापास करायचं नसतं. त्यावर बनुबाई म्हणाली, बरं मग पोपटाला सांगून बघा.

वैजनाथ त्या दिवशी मिशीतल्या मिशीत हसत होता. शेत सोडून निघाला तर पावलं मोजल्यासारखी टाकत गेला. उसाच्या सऱ्या किती पडतील, याचा अंदाज घेत असणार. बनुबाईला रात्रीची भाकरी गोड लागली नाही.

त्याच वर्गात मेहविश नावाची पोरगी होती. फारसं बोलायची नाही, पण टक लावून बघायची. पुढचे काही दिवस ती मधल्या सुट्टीत बांधावर येऊन बसली आणि बनुबाईची चित्रं काढत राहिली. बनुबाई उठताना, ओरडताना, कमरेवर हात ठेवताना. मग मॅडमना घेऊन घरी आली आणि म्हणाली, पाखरं भुताला भीत नाहीत, राणीला भीत नाहीत, ती फक्त उभं राहून ओरडणाऱ्या आजीला भितात. आजीचं एक जुनं लुगडं मिळेल का?

बनुबाईनं कुरकुर करत हिरवं लुगडं दिलं. पोरांनी कडब्याचं अंग भरलं, कमरेत नेमका बाक दिला, एक हात कमरेवर आणि दुसऱ्या हातात खरी गोफण. करणनं चुलत्याच्या गॅरेजमधून जुनी बेअरिंग आणली, तिच्यावर सगळी बाई बसवली. वारा आला की ती गर्रकन वळायची आणि गोफण फिरायची. मडक्याच्या चेहऱ्यावर मेहविशनं तोंड रंगवलं, आ वासलेलं, या कानापासून त्या कानापर्यंत.

"एवढं तोंड हाय व्हय गं माझं?" बनुबाईनं विचारलं.

"आजी, आमी कमीच केलंय," करण म्हणाला.

पाखरांनी मात्र या दुसऱ्या बनुबाईला ओळखलं. थवा यायचा, घिरटी घालायचा आणि शेजाऱ्याच्या शेतात उतरायचा. पोरं रोज प्रार्थना झाली की तिची जागा बदलायची, म्हणजे पाखरांना सवय होऊ नये. बनुबाई ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत स्वतःकडंच बघत बसायची आणि मनातून खूश असायची.

पण पाखरांनी ओळखलं, तसं माणसांनीही ओळखलं. रस्त्यानं जाणारे येणारे राम राम घालायचे, आणि बनुबाई उत्तर देईना. हळूहळू बोलवा उठली. वैजनाथ गुडघे गेलेल्या आईला दिवसभर उन्हात उभं करतो, जेवायलासुद्धा घरात घेत नाही. काष्टीच्या बाजारात भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं त्याला चारचौघांत धरून झापलं. ही बातमी पार देवळाली प्रवऱ्याला बनुबाईच्या लेकीपर्यंत, जयापर्यंत पोचली. तिनं भावाला फोन लावला. वैजनाथ सांगायला गेला, अगं, ते बुजगावणं हाय.

"आईला बुजगावणं म्हंतोस व्हय रं?" असं म्हणून जयानं फोन आपटला.

वैजनाथचं डोकं फिरलं. सकाळी उपटतो ती बया, त्यानं जाहीर केलं. दाणा आता पुरता भरत आला होता. आता बुजगावणं निघालं तर चार दिवसांत दाण्याविना नुसती ताटं उरणार, हे त्याला कळत होतं आणि बनुबाईलाही. तिनं बोलीची आठवण करून दिली. तो म्हणाला, बोलीपेक्षा अब्रू मोठी.

सकाळी तो पहार घेऊन शेतात गेला. मागून बनुबाई काठी टेकत निघाली, पण गुडघे काही तिला पळू देईनात. शाळेची पोरं बांधावर गोळा झाली, मॅडमही आल्या. नेमकी तेवढ्यात रस्त्यावर एसटी थांबली आणि जया उतरली. उतरली ती तरातरा ज्वारीत घुसली. तिला हिरव्या लुगड्याची पाठ तेवढी दिसत होती.

"आई, आत्ताच्या आत्ता पिशवी भर. माझ्याकडं चल. ह्या दादाला ज्वारी खाऊ दे एकट्याला," ती पाठीला म्हणाली.

पाठ गप्प. वाऱ्याची झुळूक आली, बाई गर्रकन वळली आणि आ वासून जयाच्या तोंडासमोर आली. जया मटकन मातीत बसली. पोरं खिदळली. वैजनाथनं हसू दाबायचा लई प्रयत्न केला, शेवटी पहार टाकली आणि पोट धरून तोही खाली बसला.

जया उठली, साडीची माती झटकली, बुजगावण्याभोवती एक फेरी मारली. कुणी केलं म्हणून विचारलं. मेहविश मॅडमच्या मागं सरकली.

"ग्वाड केलंय, पन पदर चुकलाय," जया म्हणाली. "आई पदर मोकळा सोडत न्हाई, कमरंला खोचती." आणि तिनं स्वतःच्या हातानं पदर नीट खोचला. मग भावाला बजावलं, हिला हात लावशील तर बघ.

लोकांच्या तोंडाचं काय, हा वैजनाथचा सवाल राहिलाच. मेहविश मॅडमच्या कानात काहीतरी कुजबुजली. मॅडम म्हणाल्या, पाखरांना वाचता येत नाही, माणसांना येतं. पोरांनी पत्र्याचा तुकडा रंगवून रस्त्याच्या कडेला ठोकला. मजकूर तेवढ्यात येऊन पोचलेल्या बनुबाईनं सांगितला: मी घरी आहे. हिला राम राम करू नका, घरी या.

लोक घरी यायला लागले. वैजनाथ साखर आणून आणून बेजार झाला. बनुबाईच्या ओसरीला मात्र इतक्या वर्षांत एवढा पाहुणा दिसला नव्हता.

काढणी झाली, मळणीयंत्र आलं. पाखरांनी कडेच्या ओळी खाल्ल्याच, बाकीची ज्वारी टपोरी निघाली, वर्षभराच्या भाकरीला पुरेल एवढी. दिवसभर वैजनाथनं बोलीचा विषय काढला नाही आणि बनुबाईनंही विचारलं नाही. तिनं फक्त एक दाणा दाताखाली फोडून बघितला. संध्याकाळी तो पोती शिवत बसला होता. शिवता शिवता, मान वर न करता म्हणाला, "आई, ती मेहविश आता आठवीला काष्टीला जानार. मंग पुढच्या साली शेतातल्या त्या बयेचं कोन बघनार?"

"सहावीची पोरं हायेत की," बनुबाई म्हणाली, आणि पोत्याचं दुसरं टोक त्याला शिवायला सोपं जावं म्हणून ताणून धरलं.