गेल्या आठवड्यात काय आणलं?

मंडळी, आज पनवेलजवळच्या एका आदिवासी वाडीतून आले आणि अजून जेवायला बसवत नाही.

मी घरखर्चाच्या सर्वेक्षणाचं काम करते. कुठल्या महिन्यात घरात अन्न कमी पडतं, हे खर्चावरून शोधायचं असतं. सध्या वीटभट्ट्या बंद आहेत, भाताची लावणीही उरकली, त्यामुळे वाडीत कुणालाच काम नाही. तरी तिथल्या सोमीबाईंनी गेल्या आठवड्यात तांदूळ, तेल, गूळ भरपूर आणला होता. मला बरं वाटलं.

मग विचारलं, "घरात जेवणारी माणसं किती?"

"सासू गेली ताई. तिच्या बाराव्याचं जेवण घातलं, त्याचा उधारीचा तांदूळ हाय तो."

"आजारी होत्या का?"

"नाय. पोरांना पुरत नाय म्हनून ती जेवायचीच नाय. भूक नाय म्हनायची. मग आमीपन आग्रह केला नाय."

हा तांदूळ घरच्या खाण्यात धरायचा का, हे विचारायला मी ऑफिसात फोन केला. साहेब म्हणाले, "खर्च झालाय ना? मग तो भरा. बाकीचं लिहायला जागा नाही."

मी भरला. आमच्या नोंदीत आता त्या घरात अन्नाची टंचाई नाही.

निघताना सोमीबाईंनी विचारलं, "ताई, ह्याच्यावरनं आमचं रेशन वाढंल का?"

तुम्ही काय सांगितलं असतं?