नऊ कार्डांचं तळं

गुरुराजची एक खोड होती. डोळ्यांनी पाहिलं नाही ते तो कागदावर उतरवायचा नाही. सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन म्हणून अठ्ठावीस वर्षं काढलेली, त्याचा हा गुण म्हणा की रोग म्हणा. साहेब म्हणाले, "इथे एखादं झाड टाका हो, नकाशा बरा दिसेल," तर हा विचारणार, "तिथे झाड आहे का, सार?" गणपतीच्या आराशीसाठी बायकोने, अनुसूयाने, मोर काढून मागितला तर म्हणाला, "कुठला मोर?" आता घ्या!

अशा माणसाने दोन वर्षं आपल्या जिवलग मित्राला टपालातून खोटं पाणी धाडलं, हे सांगून कुणाला पटायचं नाही. पण धाडलं खरं.

मित्राचं नाव रघुजी. दोघांची घरं बेंगळूरच्या दक्षिणेला, गौडनकेरेच्या बांधापासून हाकेच्या अंतरावर. केरे म्हणजे तळं. त्या तळ्यात दोघं एकाच उन्हाळ्यात पोहायला शिकले, एकाच दिवशी बुडता बुडता वाचले आणि घरी एकाच वेळी मार खाल्ला. पुढे रघुजी भद्रावतीच्या लोखंडाच्या कारखान्यात लाकडी साचे करायला गेला, तिथेच राहिला. बायको गेली, मुलगा तिथेच नोकरीला लागला. तरी दर पत्रात एकच टुमणं: "रिटायर झालो की गौडनकेरेला येतो. बांधाजवळ खोली बघून ठेव." गुरुराजला तेवढीच आशा होती. कचेरीत त्याचं कुणाशी जमायचं नाही, मूलबाळ नव्हतं. रघुजी आला की संध्याकाळी बांधावर बसायला माणूस मिळेल, एवढं एकच त्याला आयुष्याकडून हवं होतं.

एकोणसाठ सालच्या दसऱ्याला रघुजीने ही टूम काढली. मारुतीच्या पायऱ्यांपासून पाणी सोडायच्या तुंबापर्यंतचा अख्खा काठ पोस्टकार्डांवर काढायचा, नऊ कार्डांत. एक, तीन, पाच, सात, नऊ गुरुराजने काढायची, बघून. मधली चार रघुजीने काढायची, आठवणीतून. आलेल्या कार्डाच्या उजव्या कडेला आपल्या कार्डाची डावी कड जुळवायची. पाण्याची रेघ मात्र प्रत्येक कार्डात खालून दीड इंचावरच. कचेरीत तोवर सेंटिमीटर आले होते, पण या दोघांचं तळं इंचातच राहिलं. मजकूर लिहायचा नाही, गप्पा पत्रात. आणि मुख्य अट अशी, की ज्याला आलेली कार्डं त्याच्याकडे राहतील. रघुजी बेंगळूरला येईल तेव्हा आपली पाच घेऊन येईल आणि नऊच्या नऊ गुरुराजच्या पडवीत एका ओळीत मांडायची. तोवर अख्खं तळं दोघांपैकी कुणालाच दिसायचं नाही.

गुरुराज रविवारी बांधावर जायचा. ब्रश तळ्याच्याच पाण्यात बुडवायचा. पहिल्या कार्डात मारुतीच्या पायऱ्या आल्या, तिसऱ्यात धोब्यांचे दगड आणि चिंच. रघुजीने दुसऱ्यात एक नावही टाकली. ती नाव कधीच कुजून गेली होती, पण आठवणीला कोण अडवणार?

एकसष्ट साली कचेरीत गुरुराजच्या टेबलावर एक काम आलं. नव्या वसाहतीचा नकाशा. त्याने ट्रेसिंगचं कापड ताणलं, रेघा मारल्या, घरांच्या साइटींना, म्हणजे प्लॉटांना, नंबर घातले, आणि चाळिसाव्या नंबरावर त्याचा हात थांबला. ही तर मारुतीच्या पायऱ्यांसमोरची जागा! वरचा ओढा वळवायचा, तळं सुकवायचं, सपाट करायचं, असं सगळं ठरलेलं. त्याने घाम पुसला आणि एक्केचाळीस लिहिलं. करतो काय? सगळ्या नकाशात एकही चूक निघाली नाही म्हणून साहेबांनी पाठ थोपटली.

घरी येऊन अनुसूयाला सांगितलं तर ती म्हणाली, "रघुजीअण्णांना कळवा की हो."

"कळवतो. पाचवं कार्ड तेवढं होऊ दे."

पाचव्याच्या वेळी पाणी काठापासून वीस पावलं मागे हटलं होतं. गुरुराजने रेघ दीड इंचावरच मारली आणि काठाला लावून निळं पाणी भरलं. सातव्याच्या वेळी तर तळ्याच्या मध्यावर डबकं उरलेलं, त्यात म्हशी. त्या रविवारी त्याने घरच्या नळाचं पाणी बाटलीत भरून नेलं आणि भेगाळलेल्या चिखलाकडे बघत पाणी रंगवलं. उन्हाची चमक, लाटांच्या बारीक रेघा, काठाची सावली, सगळं घातलं. पाचव्यात होतं तेच पाणी नुसतं पुढे ओढलं होतं; आता आयुष्यात पहिल्यांदा त्याने समोर नसलेलंच काही काढलं, आणि मेलं ते फार सुंदर उतरलं.

ते कार्ड त्याने पोस्टमन मल्लाप्पाच्या हातात दिलं. मल्लाप्पाचं घर तळ्यापलीकडेच. त्याने कार्ड उलटसुलट पाहिलं.

"स्वामी, एवढं पाणी कुठून आणलंत?"

गुरुराज बोटाला लागलेला निळा रंग पुसत राहिला.

"स्वल्प आमच्याकडेही पाठवा. विहीर आटलीय," मल्लाप्पा हसत म्हणाला आणि कार्ड पिशवीत टाकून निघून गेला. गुरुराजला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रघुजीचं आठवं कार्ड आलं. भरल्या तळ्यात दोन पोरं पोहताहेत. सोबत पत्र: ज्येष्ठात नोकरीतून सुटतोय, खोलीचं काय झालं? गुरुराजने ते पत्र चार वेळा वाचलं. न सांगावं तर रघुजी सामान घेऊन येईल आणि रिकाम्या खड्ड्यापुढे उभा राहील. सांगावं तर येणारच नाही. तीन आठवडे त्याने कार्डाला हात लावला नाही. अनुसूयाने शेवटी त्याची रंगांची पेटी आणून पुढ्यात आपटली.

"आज रविवार आहे. काय दिसतं ते काढा आणि मोकळे व्हा."

त्याने काढलं. तुंबाचा दगडी खांब, पायथ्याशी वाळलेला चिखल, भेगा, ओळीने ठोकलेल्या खुंट्या, खुंट्यांवर नंबर. पाण्याची रेघ नाहीच. आठव्याच्या कडेशी नववं कुठेच जुळत नव्हतं. मल्लाप्पाने कार्ड पाहिलं आणि या वेळी मुकाट्याने पिशवीत टाकलं.

दोन महिने भद्रावतीहून काही आलं नाही. ज्येष्ठ सरला. मग एके दुपारी मल्लाप्पा जाडजूड पाकीट घेऊन आला. आत गुरुराजनेच पाठवलेली पाचही कार्डं होती आणि एक नवं, आठ नंबरचं, पुन्हा काढलेलं. त्यात पोरं नव्हती. डाव्या कडेला पाणी बरोबर दीड इंचावर, तिथून ते हळूहळू खाली उतरत गेलेलं, मधे ओला काठ, म्हशींच्या खुरांचे ठसे, आणि उजव्या कडेला वाळलेला चिखल. सोबत चिठ्ठी होती:

"गुरुराज, चिखल चांगला काढलास. पण पाचव्यातलं आणि सातव्यातलं पाणी मला खरं वाटलं होतं. तू बघितल्याशिवाय काढत नाहीस म्हणून मी कारखान्यात सगळ्यांना ती कार्डं दाखवत फिरलो. तळं गेलं ते जाऊ दे, तुझ्यासाठी म्हणून आलोही असतो. आता नको वाटतं. इथेच पोराजवळ राहतो. तुझी कार्डं तुझ्याकडे असू देत."

गुरुराजने पडवी झाडली आणि नऊ कार्डं ओळीने मांडली. मारुतीच्या पायऱ्यांपासून तुंबापर्यंत, एका कडेची रेघ दुसरीत, केसाचाही फरक नाही. अनुसूया दारात येऊन उभी राहिली.

"जुळलं की हो सगळं!" ती म्हणाली. "रघुजीअण्णा कधी येतात म्हणे?"

गुरुराज गुडघ्यांवर बसला होता. त्याने सातवं कार्ड उचललं, ओळीत तेवढी जागा रिकामी राहिली. "हे एवढं मी काढायला नको होतं," तो म्हणाला, आणि त्याला रडू आवरेना.