टाळ्यांनंतरची रत्ना

पुतण्याचा फोन आला तेव्हा मी पुलगावच्या बसस्टँडवर उभी होते. "काकू, आई गेली," तो म्हणाला. मागून दुकानातला आवाज येत होता... कुणीतरी कुणाला तरी शटर ओढायला सांगत होतं. शैलाताई माझी मोठी जाऊ. या गोष्टीला आता दीड महिना होईल. पेपरात चार ओळी आल्या. 'मुलांसाठी सचित्र कादंबऱ्या लिहिणाऱ्या मनमिळाऊ लेखिका' असं त्यात म्हटलं होतं. मनमिळाऊ ताई नव्हत्या. त्यांच्यासोबत कुठे निघालं की मला सतत धास्ती असायची. ती कशामुळे, ते सांगायला हवं.

सिंदीला आमचं सरकी-ढेपेचं, म्हणजे गुरांच्या खाद्याचं दुकान आणि वर घर. मी लग्न होऊन आले त्याच्या आधीपासून ताई मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत. शाळेतून आल्या की वरच्या खोलीत बसून शाईनं चित्रं काढायच्या आणि त्या चित्रांच्या अवतीभवती गोष्ट लिहायच्या. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. तेव्हा मुलांच्या पुस्तकांत राजपुत्र असायचे, ससे असायचे, फार तर एखादा हुशार मुलगा चोर पकडायचा. ताईंनी हातभट्टीचा विषय घेतला. आमचा जिल्हा दारूबंदीचा. दारू कुठे मिळते ते शेंबड्या पोरालाही ठाऊक, पण घरात तिचं नाव काढायचं नाही. ताईंच्या कादंबरीतली रत्ना सहावीत आहे. तिचा बाप नाल्यापलीकडे दारू गाळतो आणि घरी येऊन मारतो. एक दिवस रत्ना शाळेत बाईंना सगळं सांगते, धाड पडते, बापाला नेतात, आणि गाव टाळ्या वाजवतं. शेवटच्या चित्रात रत्ना दप्तर घेऊन हसते आहे. पुस्तक चांगलं चाललं. वर्ध्याहून, देवळीहून शिक्षक मागवून घ्यायचे. ताई स्वतः वर्गात वाचून दाखवायच्या, पान फिरवून चित्र सगळ्यांना दाखवायच्या. एकदा मीही मागच्या बाकावर बसून ऐकलं. धाडीच्या पानाला वर्गातल्या मुलींनी टाळ्या वाजवल्या होत्या.

रत्नाचा चेहरा त्यांनी त्याच वर्गातल्या वनितावरून घेतला होता. वनिता जवळच्या खेड्यातून चालत यायची. तिचा चित्रकलेचा हात फार चांगला, त्यामुळे ताईंची लाडकी. भुवईवरची खूण, एका वेणीची नेहमी सुटलेली रिबीन... सगळं चित्रात जसंच्या तसं उतरलं होतं. पुस्तकात आल्याचा तिला आनंद होईल असं ताईंना वाटलं होतं. तिचा बाप काय करतो हे त्यांच्या कानावर होतं, पण त्याचा त्यांनी फारसा विचार केला नव्हता. पुस्तक वाचून झालं आणि वनिता शाळेत यायची बंद झाली.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी तिचा बाप दुकानात आला. हातात ते पुस्तक. हमालांनी पाठीवरची पोती खाली ठेवली. ताईंचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, गादीवरून उठून उभे राहिले.

"हे कोनं काढलं?" त्यानं विचारलं.

"काय काम हाय?"

"मले भांडण नाई करा लागत. ज्यानं काढलं त्याले बोलवा."

ताई जिना उतरून आल्या. बोटांना शाई तशीच. त्यानं पान उघडून त्यांच्यापुढे धरलं. रत्नाच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं.

"हे माही पोरगी हाय."

"हो," ताई म्हणाल्या.

"याच्यात बाप जेलात जाते अन् लोकं टाळ्या वाजवतेत. तुमच्या वर्गातबी वाजवल्या. माही पोट्टी तवा तिथंच बसून होती. तुमीच वाचून राह्यल्या होत्या ना?"

त्यानं पुस्तक काउंटरवर ठेवलं आणि तो निघून गेला. भाऊजी कपाळ पुसत खाली बसले. ताई मात्र जिन्याच्या पायरीवर बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्या वनिताच्या गावाला निघाल्या. "तिथं जायचं काम नाई," भाऊजी म्हणाले. "तो मानूस बरा नाई, अन् आपल्याले इथं धंदा करा लागते." ताईंनी पिशवी उचलली. मी त्यांच्यामागून गेले. गावाच्या तोंडाशी पारावर बसलेल्या माणसांतला एकजण सायकल हातात धरून वनिताच्या घरापर्यंत आमच्या मागे आला. वनिता वेचणीला गेली होती. आम्ही ओट्यावर बसून राहिलो. बाप दारात उभा, आईनं पाणीसुद्धा विचारलं नाही. वनिता आली ती ओटीत कापूस घेऊनच. ताईंना पाहून तिनं मान खाली घातली.

"माझं चुकलं," ताई म्हणाल्या. "दुसऱ्या आवृत्तीत चेहरा बदलते मी."

"चेहरा बदलून काय होते, बाई? सगळ्याइले माहीत हाय."

"मग काय करू?"

वनिता कापसातला काडीकचरा वेचायला लागली. मग म्हणाली, "पुढचं काऊन नाई लिवलं? बाप जेलात गेल्यावर रत्ना काय खाते? माह्या बापाले खरंच नेलं होतं, मी तिसरीत होती तवा. कोनी टाळ्या नाई वाजवल्या. मंग मायनंच भट्टी लावली..."

"चूप राह्य," तिची आई म्हणाली.

"बोलू दे तिले," बाप दारातून म्हणाला.

त्या दुपारी वनिता बोलली आणि ताई ऐकत राहिल्या.

उरलेल्या प्रती त्यांनी विकायच्या थांबवल्या, आणि रत्नाचं पुढचं पुस्तक सुरू केलं. त्याला वर्षं लागली. रविवारी त्या वनिताच्या गावात जायच्या, प्रत्येक चित्र आधी वनिताला दाखवायच्या, तिनं नको म्हटलेलं फाडून टाकायच्या. भाऊजींनी त्यांच्याशी बोलणं जवळजवळ सोडलं होतं. गावात भट्ट्या लावणारे आणखीही होते, आणि एका बाईचं असं येणं-जाणं त्यांना खटकत होतं. एकदा नाल्याशी त्यांतल्या दोघांनी त्यांना अडवलं, हातातली चित्रांची पिशवी घेतली आणि पाण्यात फेकली. ताई नाल्यात उतरल्या. घरी आल्या तेव्हा साडी कमरेपर्यंत भिजलेली होती. आम्ही दोघींनी ते कागद ढेपेच्या पोत्यांवर वाळत घातले. भाऊजी आले, त्यांनी पाहिलं, आणि कागद उडू नयेत म्हणून पंखा बंद केला. पुढच्या रविवारी त्यांनी दुकानातल्या एका माणसाला ताईंसोबत पाठवलं.

पुस्तकाला प्रकाशक मिळेना. गोष्टीच्या शेवटी प्रश्न सुटत नाही, मुलांना यातून काय बोध द्यायचा, असं एकानं स्पष्ट विचारलं. रत्नाची आई चुलीपुढे बसून दारू गाळते आणि रत्ना तिला लाकडं आणून देते, या चित्राला सगळे घाबरत. ताई हटल्या नाहीत. दोन हजार साल उलटून गेल्यावर एका लहानशा छापखान्यानं ते काढलं. वर्गात ते वाचून झालं की कुणी टाळ्या वाजवायचं नाही. कधी कधी मधल्या सुट्टीत एखादी मुलगी ताईंजवळ येऊन नुसती उभी राहायची... आणि मग बोलायला लागायची.

वनिताच्या बापानं भट्टी बंद केली, असं लिहायला मला आवडलं असतं. त्यानं केली नाही. वनिता पुन्हा शाळेच्या बाकावर बसली नाही, पण सतरा नंबरचा फॉर्म भरून, बाहेरून परीक्षा देऊन दहावी झाली. आता नाचणगावात दिली आहे, घरीच शिवणकाम करते. ताईंना शेवटचं पाहायला ती आली होती. पायाशी उभी राहिली, रडली नाही.

गेल्या आठवड्यात वरची खोली आवरायला पुतण्यानं मला बोलावलं. खिडकीतल्या टेबलावर नव्या कादंबरीची चित्रं पडली होती. बहुतेक लवकर लग्न ठरलेल्या एका मुलीची गोष्ट असावी. मांडव, हळदीचं ताट, दारात टेकवलेली सायकल, हिरव्या चुड्याचे हात... सगळं बारकाईनं पूर्ण केलेलं. फक्त प्रत्येक चित्रात मुलीच्या चेहऱ्याच्या जागी पांढरा कागद होता.

"काकू, आईचं अर्धंच राह्यलं," पुतण्या म्हणाला.

मी त्याला सांगितलं, अर्धं नाही. वनितानंतर तुझी आई चेहरा शेवटी काढायची. जिचा तो चेहरा असेल, तिला विचारल्यावर.