अनवाणी पायांना लागलेला करंट

बोटांच्या टोकांना आधी एक सूक्ष्म झिणझिणी, मग मनगटातून कोपरापर्यंत सणसणत गेलेली कळ, आणि दुसऱ्या हातातून निसटलेलं दह्याचं भांडं! महालक्ष्म्यांचा दिवस होता. सोवळ्यात, अनवाणी, नुकत्याच पुसलेल्या ओल्या फरशीवर उभी राहून मी फ्रिजचं दार लावायला गेले आणि त्याच्या पत्र्याने मला असा प्रसाद दिला. दुखलं फारसं नाही. पण पुढच्याच क्षणी कानाच्या पाळ्या तापल्या, त्या काही विजेने नव्हे. सुखबती गेले सहा महिने हेच तर सांगत होती!

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं, नवऱ्याची बदली इथल्या कार्यालयात झाली, आणि मला एका शाळेत पदार्थविज्ञान शिकवायची नोकरी मिळाली. सुखबती गुढ़ियारीच्या वस्तीतून येई. घरकाम करी आणि मी शाळेतून परतेपर्यंत आमच्या तीन वर्षांच्या लेकीला सांभाळी. "फ्रिज ह झटका मारथे दीदी," ती पहिल्यांदा म्हणाली, तेव्हा मी दारावर तळहात ठेवून पाहिला. काहीच नाही! "कुछ नहीं होता, वहम है तेरा," मी निर्णय देऊन टाकला. संध्याकाळी नवरा म्हणाला, "अवं, कामाचा कंटाळा आला असन तिले, म्हणून सांगून राहिली," आणि मी हसले. होय, हसले. दुसऱ्या दिवशी तिने काळ्या रबराचा एक जाड तुकडा आणला, तिचा नवरा उरला भागातल्या कारखान्यात कामाला होता तिथला, आणि तो फ्रिजसमोर अंथरला. मला त्याचा वास सोसवेना. दुपारी आल्यावर मी तो गॅलरीत भिरकावी, आणि उरलेलं काम ती तशीच ओल्या फरशीवर उभी राहून करी. सकाळी ती पुन्हा अंथरी. या तिच्या चिकाटीला मी हट्ट म्हणत असे.

आणि त्याच दिवसांत मी वर्गात शिकवत काय होते? धातूतले काही इलेक्ट्रॉन कोण्या एका अणूचे बांधील नसतात, अवघ्या धातूभर ते मुक्त संचार करतात. तव्याची आच दांड्यापर्यंत तेच आणतात आणि वीजही तेच वाहून नेतात. रबरातले मात्र पक्के घरकोंबडे, जागचे हलत नाहीत. किती रंगून सांगायची मी हे सारं! त्या पत्र्याने कधी माणूस पाहून दुजाभाव केला नव्हता. माझ्या पायांत घरात घालायच्या रबरी सपाता होत्या आणि तिच्या चपला दाराबाहेर होत्या, एवढाच काय तो फरक. त्या बाहेर काढायचा नियम कोणाचा? माझाच! दिव्याखाली अंधार असतो म्हणतात. इथे तर दिवा स्वतःच मिरवत होता.

वायरमन आला, अर्थिंगची तुटलेली तार त्याने जोडली, दहा मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवशी सुखबती आली तेव्हा मी ओट्याशी काहीतरी उगाच पुसत बसले. माणसाने चूक कबूल करायची म्हटली की जीभही रबराची होते का? अखेर तिच्याकडे न बघताच म्हटलं, "सुखबती, कल मुझे झटका लगा फ्रिज का."

वाटलं, आता ती म्हणेल, मैं बोले रहेंव न! तो तिचा हक्कच होता, आणि मी ते ऐकून घ्यायला तयार होते. पण हातातला झाडू टाकून ती माझ्यापाशी धावली.

"नोनी ला तो नइ लगिस न दीदी? खाली पाँव दउड़थे ओ ह. ओखरे बर तो रबर बिछावत रहेंव."

माझी पोर तिच्या हाती असताना दिवसभर अनवाणी बागडते आणि ते रबर तिच्यासाठीच होतं, हे मला ठाऊकच नव्हतं. "नहीं, उसे नहीं लगा," मी म्हणाले, आणि मग, सहा महिन्यांनी, तिचा हात हातात घेऊन पहिल्यांदा विचारलं, "तुझे बहुत लगता था क्या?"

ती हसली, हात सोडवून घेतला, आणि म्हणाली, "रोज लगत रहिस दीदी."