बावखल आणि दोन टोपल्या

वसईच्या आमच्या बसस्टॉपवर एक बाई मासळी विकायची. नाव मी कधी विचारलं नाही. गावचं बावखल, म्हणजे जुनं तळं, बुजवून पार्किंग करायचं का, हे ठरवायला सभा ठेवली तर कुणी फिरकलं नाही. मग तिनंच दोन टोपल्या मांडल्या, एक 'राहू दे'ची, एक 'बुजवा'ची. बस गाठायला धावणाऱ्यांच्या हातात ती तिसऱ्या सोलून उरलेलं एकेक शिंपलं ठेवायची.

"सबेला यायला टाइम नाय ना? मग जाता जाता टाका. मन बदललं तर सांजेला उचला."

सकाळी घाईत मी 'बुजवा'त टाकलं. संध्याकाळी परतलो तेव्हा बावखलात गुलाबी आभाळ उतरलं होतं आणि त्या आभाळात एक बगळा पाय बुडवून उभा होता. मी टोपलीत माझं शिंपलं शोधत राहिलो.

"कोनतंबी घ्या," ती म्हणाली. "सगल्यांचं सारकंच."