चंदेरी खूण

बिरू गेल्याचा निरोप सायकलवाल्यांच्या ग्रुपवर आला, तेव्हा मी गॅलरीत माझी सायकल पुसत बसलो होतो. पहाटे छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं, एवढंच लिहिलं होतं. मग एकेकाचे संदेश येऊ लागले. डॉक्टरांनी लिहिलं, मी पहिल्यांदा अक्कलकोट गाठलं ते हिरवीवर. शाळेतल्या जोशीबाईंनी लिहिलं, चाळिशी उलटल्यावर सायकल शिकले तीही हिरवीवरच. प्रत्येकाकडे बिरूच्या त्या हिरव्या सायकलची एक तरी आठवण होती आणि माझ्याकडे एकही नव्हती. खोटं कशाला बोलू, बिरू गेल्याचं दुःख व्हायच्या आधी मला या लोकांचा हेवा वाटला.

बिरू कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस होता. मूळ घर सांगोल्याकडचं, मेंढरं राखणारं. मी बँकेत अधिकारी, जुळे सोलापुरात फ्लॅट, उंची सहा फूट आणि सायकल कार्बनची, एका बोटावर उचलावी इतकी हलकी. बिरूची सायकल लोखंडी, भंगारवाल्याकडून आणून त्यानं स्वतःच्या हातानं रंगवलेली. आमच्या ग्रुपची रीत अशी की रविवारची फेरी झाली की ज्याने त्याने आपल्या सायकलचा फोटो टाकायचा. माझ्या सायकलला अंगठे यायचे आणि हिरवीला बदाम. हे बदाम मी मोजायचो, हेही आता सांगून टाकतो. बरं, हिरवीचा फोटो बिरू कधी टाकायचाच नाही; त्या दिवशी ज्यानं ती चालवली असेल तो टाकायचा. कारण बिरूला अदलाबदलीचा भारी नाद. आपली द्यायची, समोरच्याची घ्यायची आणि परत आल्यावर त्या सायकलचं असं कौतुक करायचं की मालकालाच ती नव्यानं आवडू लागावी. प्रत्येकाची उंची वेगळी, म्हणून सीटखालच्या नळीवर त्यानं बायकोच्या नेलपेंटनं खुणा करून ठेवल्या होत्या. डॉक्टरांची लाल, जोशीबाईंची गुलाबी, अशा सात-आठ. सीट त्या खुणेपर्यंत सरकवली की झालं. चहाच्या टपरीवर ही मंडळी आपापल्या रंगाबद्दल बोलायला लागली की मी उगाच माझ्या सायकलची हवा तपासत बसायचो.

मला त्यानं हिरवी कधी दिली नाही, कारण ग्रुपमध्ये आल्या आल्याच मी जाहीर करून टाकलं होतं की मी माझी सायकल कुणाला देत नाही आणि कुणाची घेत नाही. तरी एकदा हिप्परग्याच्या तलावाजवळ थांबलो असताना तो माझ्या सायकलभोवती दोन-तीनदा फिरला आणि म्हणाला, "साहेब, एक चक्कर मारू का? हितनं त्या पुलापत्तोर. लई दिवस मनात हाय."

मी म्हणालो, "नको रे. सीट वर-खाली केली की सगळं बिघडतं. पुन्हा तशी बसत नाही."

"व्हय की, बरोबर हाय," तो म्हणाला. राग नाही, काही नाही. मग खाली बसला आणि पेडलच्या मधल्या बोल्टापासून माझ्या सीटपर्यंत वितीनं मापत गेला. साडेतीन वीत आणि वर दोन बोटं. पुन्हा एकदा मापलं, मान डोलावली आणि उठला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू... घरी येऊन बायकोला म्हणालो, बिरू माझ्या सायकलवर जळतो. हे वाक्य मी बरेच दिवस मनात घोळवलं.

तो गेल्याला तीन आठवडे झाले तेव्हा त्याच्या बायकोचा, सुरेखावहिनींचा फोन आला. सायकल उभी राहून गंजेल, ज्याला हवी त्यानं न्यावी आणि आणून ठेवावी, असं त्यांनी ठरवलं होतं. ग्रुपमधून कोण जाणार, असा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांच्या आधी मी हात वर केला. खरं सांगायचं तर आता तरी ती काही दिवस फक्त माझ्याकडे असावी, असा माझा डाव होता.

हिरवी बिरूच्या घराच्या दाराशी भिंतीला टेकवलेली होती. मी सीट सैल करून नळी वर ओढली. लाल, निळी, गुलाबी, एकेक खूण बाहेर येत गेली आणि सगळ्यात शेवटी एक चंदेरी खूण दिसली. ती सीटपासून इतकी लांब होती की हिरवी चालवणाऱ्यांपैकी कुणीच तिथं पुरलं नसतं. नळी सरकून सरकून बाकीचे रंग खरवडले होते, ही मात्र कोरी करकरीत होती.

"वहिनी, ही कुणाची?"

"तुमचीच की, भावजी," त्या म्हणाल्या. "माझी बाटली संपवली त्यांनी त्यात. म्हणायचे, साहेब मागणार न्हाईत, पण कवातरी मागतील. तवा सीट हुडकत बसायला नको."

मी सीट त्या खुणेवर बसवली आणि सायकल रस्त्यावर आणली. पाय बरोबर पोचले. गल्लीच्या टोकापर्यंत गेलो, वळलो, परत आलो आणि उतरून तसाच हँडल धरून उभा राहिलो. बिरू असता तर विचारलं असतं, कशी काय हाय, साहेब? आणि मी काहीतरी खोट काढली असती...

परत आत जाऊन मी विचारलं, "यातली बिरूची खूण कोणती?"

"त्यांची कशाला असंल? ज्यानं आणून लावली, त्याच्या मापावरच बसायचे."

त्याच्या सीटची उंची मला हवी होती ती माझ्या सायकलसाठी. उशीर झाला होता हे कळत होतं, तरी तिच्या नळीवर त्याच्या मापाची एक खूण असावी, असं मनानं घेतलं होतं. चंदेरी नेलपेंटची नवी बाटली आणली. मग डॉक्टरांना फोन केला. म्हटलं, तुमची सायकल तो इतक्यांदा घेऊन जायचा, सीट कितीवर ठेवायचा? डॉक्टर म्हणाले, "नाही हो. आमच्या सीटला त्यानं कधी हातच लावला नाही. जशी असेल तशी चालवायचा." जोशीबाईही तेच म्हणाल्या. मी सगळ्यांना विचारलं. ग्रुपमधल्या प्रत्येक सायकलवर तो बसला होता, माझी सोडून, आणि एकाचीही सीट त्यानं हलवली नव्हती.

हिरवी परत दिली. या रविवारी डॉक्टरांनी तिचा फोटो टाकला, सीट लाल खुणेवर. बदाम खूप आले आणि मला पुन्हा हेवा वाटला. बाटली गॅलरीत सायकलजवळ ठेवली आहे. तिचं झाकण मी अजून उघडलेलं नाही.