तंबाखूचा वास

"मावशी, तुम्ही बाहेरच थांबा. साडीला तंबाखूचा वास येतोय. आत पाहुणे आलेत."

हे माझ्या आईला सांगितलं. माझं चित्र आत भिंतीवर लागलेलं असताना.

सोलापुरात त्या रविवारी कलाफेरी होती. लोकांनी चालत चालत घरं, गॅलऱ्या बघायच्या, गावातल्याच चित्रकारांना भेटायचं. मी फ्लेक्सच्या दुकानात वाढदिवसांचे बॅनर करते. चित्रं घरी काढते, आई बिड्या वळते तिथंच, तिच्या शेजारी बसून. ती ठेवणीतली साडी नेसून आली होती. पण जन्म तंबाखूत गेलेल्या बाईचा वास साडी बदलून जात नाही.

बोलल्या त्या बंगल्याच्या मालकीणबाई. चित्रं त्यांच्याच हॉलमध्ये होती. बोलल्या हसून, हळू आवाजात. आई लगेच मागं सरली, कुंड्यांपाशी जाऊन उभी राहिली.

"तू जा की आत," म्हणाली. "मी हितंच हाय."

बाईंनी माझा हात धरून मला आत नेलं. माझ्या चित्रासमोर घोळका होता. चित्रात दोन हात. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं, तंबाखू, बोटात अर्धी वळलेली बिडी.

"काय हात आहेत," एक पाहुणे म्हणाले. "कष्टाचं सौंदर्य. कुणाचे हात हे?"

"माझ्या आईचे," मी म्हणाले. "ती बाहेर उभी आहे. तिला आत घेतलं नाही. वास येतो म्हणून."

बाईंचं हसू गेलं.

"तुला इथं जागा दिली, हे विसरू नकोस," त्या म्हणाल्या. "तुमच्या लोकांना जरा वर घेतलं की हे असं होतं."

तुमच्या लोकांना. आडनाव विचारलं होतं त्यांनी पहिल्याच दिवशी. वस्ती कुठली, तेही. तेव्हा मला ती साधी चौकशी वाटली होती.

मी चित्र खिळ्यावरून काढलं. कुणी अडवलं नाही. काखोटीला मारलं आणि बाहेर आले.

आई रिक्षात माझ्यावरच चिडली. "कशाला भांडलीस? पैल्यांदाच कुणी इचारलं हुतं तुला." मग तोंड फिरवून बसली. पदर डोळ्याला लावला. मला तेव्हा जो राग आला तो अजून उतरलेला नाही. उतरू नये.

पुढच्या रविवारी मी ते चित्र आमच्या गल्लीत, समाजमंदिराच्या बाहेरच्या भिंतीवर लावलं. शेजारी रिक्षांवर पक्षी रंगवणाऱ्या चाचांनी आपला रंगवलेला पत्रा टेकवला. विणकरांच्या गल्लीतली एक तेलुगू मुलगी गोष्टींची चित्रं काढते, हे मला त्या दिवशी कळलं. इतक्या जवळ राहून. बिड्या वळणाऱ्या बाया आल्या. एकीनं चित्रातला अंगठा बघितला, स्वतःचा बघितला, आणि आईला म्हणाली, "व्हय गं, तुजाच हाय."

आता बाईंचा मेसेज आलाय. झालं गेलं सोडून दे, पुढच्या फेरीला चित्र पाठव. आई कशी आहे, एवढंही विचारलेलं नाही.

मी लिहिलं, पाठवणार नाही. बघायचं असेल तर आमच्या गल्लीत या. खाली सतरंजीवर बसा, बायांच्या मध्ये. तंबाखूचा वास येईल. सोसत नसेल तर येऊ नका.

जिथं माझी आई बाहेर, तिथं माझं चित्र आत लागणार नाही. गॅलरी कितीही मोठी असो.